पाखऱ्यानं दिलेली ऑफसाइड

“हे ऐकून कुणाचाबी विश्वास बसणार नाय, म्हणून म्या आजवर तोंड उघडलं नव्हतं,” असं म्हणत सांडूआबांनी पाय पलंगावर घेतले आणि ऐसपैस मांडी घातली. सांडूआबांनी आजवर तोंड उघडलं नव्हतं, ही खबर मुकुंदवाडीला नवी होती. पण ती तपासत बसायला कुणाला सवड नव्हती. घरात पेच पडला होता.

नातीचा, म्हणजे अमृताचा, वाढदिवस. टेबलावर केक आणि केकच्या दोन बाजूंना दोन जर्सी. लाल जर्सी बापाने, गोकुळने आणलेली. तो मँचेस्टर युनायटेडचा. निळी मामाने, विश्वजीतने पाठवलेली. तो मँचेस्टर सिटीचा. दोघेही वाळूजला एकाच कंपनीत, एकाच शिफ्टच्या बसला. मँचेस्टर दोघांनीही पाहिलेलं नाही. पण मुकुंदवाडीपासून वाळूजपर्यंत त्या गावाची इज्जत रोज त्या बसमध्ये पणाला लागायची.

“दाजी, तुमच्या कपाटात कप लई हायेत, कोण नाय म्हणतंय? पर कपाट उघडून बघा एकदा. झुरळं निघतील.”

“अन् तुमचा क्लब? पावसाळ्यात छत्र्या उगवत्यात उकिरड्यावर, तसा उगवलाय.”

“ती पेनल्टी तरी खरी व्हती का? वारं लागून पडला तुमचा गडी.”

“रेफरीनं दिली ना? मग संपलं!”

“रेफरी तुमच्या आत्याचा पोरगा दिसतोय!”

शेवटी ड्रायव्हरने एकाला पहिल्या सीटवर आणि दुसऱ्याला शेवटच्या सीटवर बसवायला सुरुवात केली. तेव्हापासून हीच चर्चा सगळ्या बसच्या डोक्यावरून व्हायला लागली.

आज गोकुळने रजा घेतली होती आणि मामा सेकंड शिफ्टला होता, म्हणून त्याची जर्सी एकटीच आली होती. अमृता शाळेच्या टीममध्ये खेळायची. तिने सुरी हातात घेतली, दोन्ही जर्सींकडे पाहिलं आणि बापाला सरळ विचारलं, “मी दर वर्षी लालच का घालायची?”

“कारण तू जन्मापासून लाल हायेस,” गोकुळ म्हणाला.

“कुणी ठरवलं?”

पोरगी निळी झाली तर उद्या बसमध्ये तोंड कुठं दाखवायचं? त्याने केविलवाण्या नजरेने आपल्या वडिलांकडे पाहिलं. आणि म्हणून सांडूआबांनी तोंड उघडलं.

आबांनी सांगितलं ते असं.

अमृताचं बारसं फर्दापूरला होतं, आबांच्या गावच्या घरी. बारशाचं अंगडं-टोपडं मामाने आणायचं, ही रीत. विश्वजीतने आणलं ते निळं, छातीवर सिटीचं चिन्ह भरतकामात काढलेलं. गोकुळ उंबऱ्यातच आडवा झाला.

“पोर माझी, पाळणा माझा, अन् अंगात निळं?”

“रीत हाय दाजी. अंगडं मामाचं.”

“अंगडं मामाचं, पण रंग बापाचा!”

आतून तनुजाचा, म्हणजे बाळंतिणीचा, आवाज आला, “दोघंबी घराबाहेर व्हा. खेळा, नायतर डोकी फोडा. निकाल लागल्याबिगर माझी पोर पाळण्यात पडायची नाय!”

बारशाला कंपनीतली सगळी बस लोटली होती, त्यामुळे माणसांची वाण नव्हती. निम्मे लाल झाले, निम्मे निळे. रस्त्याकडेच्या रानातला हरभरा नुकताच निघाला होता. तिथं चार खुंट्या रोवून दोन गोल झाले. रेफरी म्हणून केशव वकिलांना उभं केलं. ते गोकुळचे शेजारी. फुटबॉलमधलं त्यांना काडीचं कळत नव्हतं, म्हणून दोन्ही पक्षांना ते निःपक्षपाती वाटले.

पहिलाच फाउल झाला. वकिलांनी शिट्टी वाजवली आणि चष्मा पुसला. “प्रतिवादीचं काय म्हणणं आहे?”

प्रतिवादीने सांगितलं. वादीने सांगितलं. प्रेक्षकांतून दोन साक्षीदार तपासले गेले. वकील म्हणाले, “निर्णय राखून ठेवतो.” जेवणाची पानं मांडायची वेळ झाली तोवर आठ-दहा निर्णय राखून झाले होते, आणि चेंडू मुद्देमाल म्हणून वकिलांच्या काखेत होता.

“अशानं पोरगी पाळण्यात नाय, कॉलेजात जाईल!” विश्वजीत ओरडला. हंगामा झाला. लाल म्हणाले, वकील निळे. निळे म्हणाले, वकील लाल. वकील म्हणाले, हा बेअदबीचा प्रकार आहे.

तेव्हा सांडूआबा पुढे झाले. “बोलणारा पंच नकोच. वकीलसाहेब नुसती शिट्टी वाजवतील. निकाल माझा माणूस दील.” आणि त्यांनी गोठ्यातून पाखऱ्या सोडला.

“आबा, बैल?” अमृताच्या हातातली सुरी केकवरच थांबली.

“बैल काय म्हणतीस! पाखऱ्या म्हण.”

“लई गुणाचा व्हता बिचारा,” सरूबाई आजी भिंतीला टेकून म्हणाल्या. “त्यात मातर खोट नाय.”

पाखऱ्याचा गुण असा होता, की उभा जन्म तो जोडीदाराच्या खांद्याला खांदा लावून चालला होता. जू तसूभर तिरकं झालेलं त्याला खपत नसे. जोडीचा बैल चार बोटं पुढे गेला, की तो मान झटकायचा आणि गळ्यातली घुंगरमाळ खळ्ळकन वाजायची. आणि ऑफसाइड म्हणजे तरी दुसरं काय? चेंडू सुटायच्या आधीच समोरच्यांच्या शेवटच्या गड्याला मागे टाकून गोलजवळ जाऊन उभं राहायचं, ही लबाडी. पाखऱ्याला नियम शिकवावा लागला नाही. तो त्याच्या खांद्यातच होता.

तो रेषेवर उभा राहिला. शेवटचा गडी पुढे सरकला की पाखऱ्या पुढे, गडी मागे आला की पाखऱ्या मागे. विश्वजीत एकदा हळूच पुढे घुसला. खळ्ळ! ऑफसाइड. निळ्यांनी बोंब मारली, “बैल दाजींच्या घरचा हाय! त्यांचंच खातोय!” तेवढ्यात गोकुळ घुसला. खळ्ळ! धन्याचा पोरगाही त्याने सोडला नाही. सगळं रान गार झालं. वकिलांनी चष्मा काढून पाखऱ्याला नमस्कार केला.

“मग पप्पा, तुम्ही काय केलं?” अमृताने विचारलं.

“काय करणार? मागं आलो,” गोकुळ म्हणाला. गोष्ट आपल्या बाजूने चालली आहे, एवढं त्याला कळत होतं. पुढची त्याला अमृताइतकीच नवी होती.

बारशासाठी आणलेल्या फोटोग्राफरने हे सगळं कॅमेऱ्यात धरलं होतं. निळ्यांनी त्याला गराडा घातला. चित्र मागे नेलं, पुढे नेलं, थांबवलं, मोठं केलं. पाखऱ्याने मान झटकली तेव्हा विश्वजीतच्या बुटाचा फक्त अंगठा पुढे होता. अंगठा! माणसाच्या डोळ्याला दिसला नव्हता, कॅमेऱ्याला मोठा केल्यावर दिसला, आणि पाखऱ्याने तो माश्या वारता वारता पाहिला होता.

मग लाचलुचपत सुरू झाली. विश्वजीतने हिरव्या मक्याची पेंढी आणून पाखऱ्यापुढे टाकली.

“मका नव्हता,” सरूबाई म्हणाल्या. “त्या साली मका कुठला? सरकीची ढेप आसंल.”

“ढेप,” आबांनी मान्य केलं. पाखऱ्याने ढेप निवांत खाल्ली. कणसुद्धा ठेवला नाही. विश्वजीत खुशीत पुढे जाऊन उभा राहिला. खळ्ळ! खायचं आणि तरी निकाल फिरवायचा नाही, असं खाणं त्या पंचक्रोशीत कुणी पाहिलेलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आलं.

एकदा तर गोकुळ गोलसमोर धाडकन पडला आणि “पाय गेला, पाय गेला!” म्हणून लोळायला लागला. पेनल्टीसाठी लालांनी आभाळ डोक्यावर घेतलं. पाखऱ्या संथपणे रेषेवरून आत आला. त्याने गोकुळचा पाय हुंगला. दुसरा पाय हुंगला. मग फुर्रकन नाक शिंकरून परत जागेवर जाऊन उभा राहिला. गोकुळ आपला आपण उठला आणि कपडे झटकायला लागला.

“पप्पा!” अमृता म्हणाली. गोकुळने घाईघाईने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

तोवर अजिंठ्याची लेणी पाहून परतणारी पर्यटकांची बस रस्त्यावर थांबली होती. त्यातून एक उंच, पिकल्या केसांचा गोरा उतरला. हा माणूस आपल्या देशात उभी हयात रेफरी होता. लाखालाखाच्या गर्दीच्या शिव्या त्याने खाल्ल्या होत्या. तो बांधावर बसला आणि पाखऱ्याकडे बघत राहिला. बस हॉर्न वाजवून थकली, निघून गेली, तरी हा हलला नाही. शेवटी उठला, खिशातून आपली जुनी पितळी शिट्टी काढली आणि भरल्या डोळ्यांनी पाखऱ्याच्या गळ्यात घातली.

“ती शिट्टी कुठंय मग?” सरूबाईंनी विचारलं.

“पाखऱ्यानं खाल्ली.”

आता दोन्ही बाजूंचे दोन-दोन गोल झाले होते. दिवस कलला. घरातून बायकांच्या हाका सुरू झाल्या, पाळणा सजला होता, पोर रडून लाल झाली होती. “बघा, कौल देतीय,” असं गोकुळचं म्हणणं होतं, पण ते कुणी धरलं नाही. पुढचा गोल करील त्याचा रंग, असं ठरलं.

चेंडू रेषेबाहेर, विहिरीकडे गेला होता. निळ्यांचा एक दांडगा गडी चेंडू डोक्यावर धरून उभा राहिला आणि त्याने दोन्ही हातांनी असा फेकला, की चेंडू घारीसारखा तरंगत गेला. गोलसमोर विश्वजीत एकटा. आगेमागे चिटपाखरू नाही. त्याने उडी घेतली, डोकं लावलं, आणि गोल!

निळ्यांनी विश्वजीतला खांद्यावर घेतलं. कुणी गुलाल उधळला. गोकुळ हरभऱ्याच्या ढेकळांत मटकन बसला. त्याच्या डोळ्यांपुढे पाळणा आला, पाळण्यात निळं अंगडं आलं, आणि त्या अंगड्यात त्याची लेक.

आणि मग त्या गोंधळात आवाज आला. खळ्ळ!

सगळे जागच्या जागी थिजले. पाखऱ्या मान झटकत होता. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. विश्वजीत पुढे होता! गोल रद्द! वकिलांनी शिट्टी मारली, गोऱ्या साहेबाने टोपी काढली, आणि लालांनी चेंडू पायात घेऊन तसाच पलीकडच्या गोलात नेऊन घातला.

“आणि तू लाल झालीस,” आबा म्हणाले. “उभ्या जन्मात पाखऱ्या कधी चुकला नाय, बाई. त्याचा निकाल म्हंजी दगडावरची रेघ.”

सरूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. गोकुळने हलकेच लाल जर्सीची घडी उलगडली आणि लेकीपुढे धरली.

अमृता मात्र कपाळाला आठ्या घालून उभी होती. “थांबा आबा. तो शेवटचा बॉल हातानं फेकला होता ना? रेषेबाहेरून?”

“व्हय तर! दोन्ही हातांनी. चांगला डोक्यावरून.”

“म्हणजे थ्रो-इन.”

“आसंल.”

गोकुळ एकदम वरच्या पंख्याकडे बघायला लागला.

“थ्रो-इनवर ऑफसाइड नसतंच!” अमृता कडाडली आणि तिने हात लांब करून निळी जर्सी ओढली. “म्हणजे एक तर तुमचा पाखऱ्या चुकला आणि मामाचा गोल खरा. नायतर आबा, तुम्ही पहिल्यापासून थापा मारताय आणि मॅच झालीच नाय. कसंबी धरा, मी निळीच!”