नाताळचे अठ्ठावीस डबे

आमच्या घरात आजवर एकही वस्तू संपलेली नाही! मीठ नाही, साखर नाही, काडेपेटीसुद्धा नाही. शेजारी वाटी घेऊन आमच्याकडे येतात, आम्ही वाटी घेऊन कुणाकडे जात नाही. पाइप बनवणाऱ्या कारखान्यात बत्तीस वर्षं स्टोअरकीपर होतो मी. नोंद केल्याशिवाय एक वायसर बाहेर गेला नाही. निवृत्त झालो तेव्हा मोठ्या साहेबांनी मला हात जोडले होते. सुटलो म्हणून जोडले, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे!

तर नाताळ. यच्चयावत जग वीस डिसेंबरला जागं होतं आणि एकमेकांच्या पायावर पाय देत दुकानांत शिरतं. माझी खरेदी सप्टेंबरातच उरकलेली असते. यंदा तर खास कारण होतं. मुलगा, सून आणि नात चार वर्षांनी घरी येणार होती! ऑगस्टमध्ये मुलगा आईला फोनवर म्हणाला होता, "नाताळला येऊ, बघू." आमच्या कारखान्यात 'बघू' म्हणजे ऑर्डर पक्की.

चार वर्षं का आला नाही, असं विचाराल. कारण अगदी क्षुल्लक आहे. मागच्या वेळी आले होते तेव्हा मी बिस्किटांच्या डब्यावर चिठ्ठी डकवली होती : 'प्रत्येकी दोन, सकाळी दहा वाजता.' नातीने, वय वर्षे चार, तिसरं घेतलं. मी तिला चिठ्ठी वाचून दाखवली. दोनदा. एवढंच! दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेने बॅगा भरल्या. त्या चिठ्ठीत चूक काय होती, ते मला अजून कुणी दाखवून दिलेलं नाही.

असो. सप्टेंबरात मी दोन पिशव्या घेऊन किराणा दुकानात गेलो.

"काका, एवढे मनुके कशाला?" दुकानदार म्हणाला.

"नाताळसाठी."

"अहो, अजून पंखे फिरतायत!"

"म्हणून तर तुमच्याकडे माल आहे. डिसेंबरात तुम्ही नुसती मान हलवता."

मनुके, अक्रोड, बदाम, सुके अंजीर, खजूर, मैदा, पिठीसाखर, कोको. मग शेजारच्या दुकानातून भेटवस्तू : मुलाला करडा मफलर, सुनेला सुगंधी साबणांची पेटी, नातीला लाल लोकरी हातमोजे. सगळं पत्र्याच्या अठ्ठावीस डब्यांत भरलं. प्रत्येक डब्यावर नंबर, आतल्या मालाचं नाव, आत आल्याची तारीख. डबे कपाटात, कपाटाला कुलूप, एक किल्ली माझ्याकडे आणि एक बायकोकडे. कारखान्यातही अशीच पद्धत होती.

माझे नियम दोनच. जुना माल आधी बाहेर. आणि डबा उगाच उघडायचा नाही, हवा लागते. लग्न झालं त्याच आठवड्यात बायकोला दोन्ही शिकवले होते. तिने पुन्हा कधी विचारलं नाही, इतकी ती हुशार आहे.

ऑक्टोबरात मी मुलाला एक फॉर्म पाठवला. हसू नका! किती माणसं आणि किती दिवस हे कळल्याशिवाय लोणी किती आणायचं? फॉर्म साधा होता. येणाऱ्या व्यक्ती, मुक्कामाचे दिवस, प्रत्येकाला रोज लागणारी साखर (अंदाजे), शेरा, तारीख, सही. सोबत तिकीट लावलेलं पाकीटसुद्धा जोडलं होतं. उत्तर आलं नाही. आलं नाही म्हणजे हरकत नाही, असं मी धरून चाललो.

मग दर रविवारी मी कपाट उघडायचो, डबे मोजायचो, शिट्टी वाजवायचो. अठ्ठावीस! नोव्हेंबरात प्रत्येक डब्याला लाल रिबीन बांधली.

"एखादा उघडून तरी बघा," बायको म्हणायची.

"हवा लागते!"

"निदान अठ्ठाविसावा तरी. मागचा, खजुराचा."

"अगं, तुला खजूर खायची एवढी घाई का झाली आहे?"

ती दाराआड जायची. मला वाटलं, मुलगा येणार या आनंदाने तिला एका जागी थांबवत नाही.

बावीस डिसेंबरला सकाळी मी स्वच्छ हात धुऊन, चष्मा पुसून पहिला डबा उघडला. मनुके. आत तांदूळ! दुसरा, अक्रोड. तांदूळ! अंजिरांत मसूर. कोकोच्या डब्यात कपडे धुण्याची पावडर! मफलरच्या डब्यात जुनी वर्तमानपत्रं, घडी घालून. साबणांच्या पेटीच्या जागी एक वीट!

"चोरी!" मी ओरडलो. "दरोडा पडलाय!"

"अहो, जरा ऐका..." स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. पण ऐकायला मी थांबतो कशाला? मी सपाता घालून जिना उतरलो होतो. माल गेला की आधी फाटकावर जायचं, ही माझी बत्तीस वर्षांची सवय.

आणि फाटकावर मुद्देमाल चालत येत होता! खालच्या मजल्यावरचे मास्तर. शाळेतून निवृत्त झालेले, मुंगीलाही वाट देणारे. त्यांच्या गळ्यात करडा मफलर! त्यांचं बोट धरून त्यांची छोटी नात. तिच्या हातात लाल हातमोजे!

"सोडा तो मफलर!" मी एक टोक धरलं.

"अहो, काय करताय? गळा आवळतोय!" मास्तर जांभळे पडले.

"वाटी घेऊन येत होता तेव्हा बरं होतं! आता कपाटातच हात घातलात?"

"वहिनींनी दिलाय हा मला! वाढदिवसाला!" मास्तर खोकत म्हणाले. "हातमोजेही त्यांनीच दिले. दीड महिना झाला. तुम्ही रोज बघता की! परवा तुम्हीच म्हणालात, मफलर छान आहे, कुठून घेतलात?"

मी तसं म्हणालो होतो. तोपर्यंत दूधवाला, इस्त्रीवाला आणि वरच्या मजल्यावरच्या दोन काकू जमल्या होत्या. मास्तरांची नात हातमोजे काढून माझ्यापुढे धरत होती आणि मोठ्याने रडत होती. मी ते घ्यावेत की नाही, हे मला कळेना. मी मफलरचं टोक सोडलं आणि सगळ्यांसमोर जिना चढलो. इतका लांब जिना मी आयुष्यात चढलेला नाही.

बायको ओट्यापाशी भाजी निवडत होती.

"तू दिलंस? मुलाचा मफलर? नातीचे हातमोजे?"

"तिला ते झालेच नसते. तुम्ही चार वर्षांच्या मुलीचे आणलेत. ती आता आठ वर्षांची आहे."

"आणि मनुके? बदाम?"

"खाल्ले. तुम्हीही खाल्लेत, रोज सकाळी. कुणी आजारी पडलं, तर त्यांना दिले. साबण वरच्या काकूंना दिले. जुना माल आधी बाहेर. तुम्हीच शिकवलंत."

"अगं, पण तो नाताळचा माल होता! ते लोक परवा येणार आहेत!"

तिने सुरी खाली ठेवली.

"ते येणार नाहीत."

"कुणी सांगितलं?"

"ऑक्टोबरातच कळलं. तुम्ही लाल रिबीन आणायला गेला होता तेव्हा पोस्टमन आला. मग तुम्ही शिट्टी वाजवत आलात. चार वर्षांत तुमची शिट्टी ऐकली नव्हती मी." तिने भाजीचे देठ बाजूला सारले. "तोंडाने सांगवेना. म्हणून अठ्ठाविसाव्या डब्यात ठेवलं. कुठल्याही रविवारी उघडला असतात, तर कळलं असतं. दर रविवारी मी दाराआड उभी राहायचे."

तिलाही मुलगा भेटला नव्हता, चार वर्षं. हे माझ्या डोक्यात त्या दिवशी पहिल्यांदा आलं, हे लिहिताना मला लाज वाटते.

मी अठ्ठाविसावा डबा खाली काढला. रिबीन सुटेना, मी गाठ पक्की मारली होती. शेवटी बायकोने सुरीने कापून दिली. आत माझाच फॉर्म होता. येणाऱ्या व्यक्ती : शून्य. मुक्कामाचे दिवस : शून्य. रोजची साखर : शून्य. आणि शेऱ्याच्या रकान्यात, बारीक अक्षरात : 'बाबा, आम्ही माल नाही. आईला मात्र कधीही पाठवा.'

मी तो दोनदा वाचला. बायको काहीतरी ऐकायला थांबली होती. काय बोलावं? बत्तीस वर्षं मी आलेला प्रत्येक कागद तपासत आलो. तोंडातून तेच निघालं.

"तारीख आहे, सही आहे, एकही रकाना मोकळा नाही. फॉर्म बिनचूक भरलाय पोराने! शेवटी मुलगा कुणाचा?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मग हात पुसले, कपाटावरची बॅग काढली आणि स्वतःच्या साड्या भरायला घेतल्या. मी बाजूला उभा राहून मोजल्या. सहा.