उजवीकडे कडक, डावीकडे नरम

"विकून टाका ती गाडी," बायको म्हणाली, आणि चष्मेवाल्यांच्या हातातला पाव चहात बुडाला तो बुडालाच.

तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. घरात गाडी एकच. जुनी, छोटी, लाल. ती चष्मेवाल्यांना दुकानात सोडायची, बायकोला शाळेत सोडायची आणि दर बुधवारी सासूबाईंना त्यांच्या बहिणीकडे घेऊन जायची. महिन्यातून एका रविवारी मात्र गावाबाहेरचा रेसिंग ट्रॅक हौशी लोकांसाठी मोकळा असे, आणि मग चष्मेवाले डोक्यावर हेल्मेट चढवून तिला पिदडत. वळणावर गाडी झुकू नये म्हणून त्यांनी तिला कडक शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवून घेतले होते. तेव्हापासून रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा थेट सासूबाईंच्या कमरेत जात होता.

"अगं, मी काही म्हटलं का?" सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"तू जागेपणी कधी काही म्हणतेस का, आई? झोपेत कण्हतेस." बायको नवऱ्याकडे वळली. "आता ऐका. दर बुधवारी ती आली की मी विचारणार. त्रास झाला म्हणाली की गाडी गेली. मग मऊ सीटची मोठी गाडी घ्यायची आणि ते हेल्मेट माळ्यावर टाकायचं."

बायको शाळेत गणित शिकवायची. तिने एकदा उत्तराखाली रेघ मारली की ती पुसली जात नसे. चष्मेवाल्यांचा जीव कासावीस झाला. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघत उभ्या राहणाऱ्या माणसाला महिन्यातून एकदा चार चाकांवर मोकळं सुटायला मिळतं, ते गेलं तर उरलं काय?

उपाय एकच होता. कमी-जास्त करता येणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर! वर एक बटन असतं. ते खटक्याखटक्याने फिरवलं की गाडी कडक होते, उलट फिरवलं की नरम. रविवारी कडक, बुधवारी नरम. प्रश्न फक्त कोणते घ्यायचे हा होता. एका बटनाचे की दोन बटनांचे? आणि इथे चष्मेवाल्यांचं घोडं अडलं. जन्मभर त्यांनी खुर्चीतल्या माणसासमोर भिंगं बदलत "हे बरं की मघाचं?" एवढंच विचारलं होतं. निवड समोरच्याने करायची, ही त्यांची सवय हाडीमाशी खिळलेली. स्वतः काही निवडायची वेळ आली की त्यांना घाम फुटे.

शेवटी त्यांनी गिऱ्हाइकांनाच विचारायला सुरुवात केली.

"एका बटनाचे बरे वाटतात, की दोन?" त्यांनी भिंग बदलता बदलता एका आजोबांना विचारलं.

"दुसरं जरा स्पष्ट आहे," आजोबा म्हणाले, "पण पहिल्यात डोकं कमी दुखतं."

हा सल्ला इतका नेमका होता की चष्मेवाल्यांनी दुसऱ्याच दिवशी एका बटनाचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर मागवले.

मेस्त्रीने ते बसवले. बॉनेट उघडून तो एका बाजूला उभा, चष्मेवाले दुसऱ्या बाजूला, समोरासमोर. "सोप्पंय, साहेब. उजवीकडे कडक, डावीकडे नरम. मागचे दोन डिकीत आहेत, त्यांचंही तसंच."

रविवारी चष्मेवाल्यांनी चारही बटनं उजवीकडे शेवटच्या खटक्यापर्यंत आवळली. तरी नेहमीप्रमाणे बेकरीवाला पुढे गेला. त्याची गाडीही अगदी हीच, फक्त पांढरी, आणि मागच्या सीटवर कायम पावाचा चुरा. "तुमची गाडी वळणावर बेडकासारखी उड्या मारते हो!" बेकरीवाला हसत म्हणाला. त्याचं हसणं चष्मेवाल्यांना बुधवारपर्यंत पुरलं. इतकं पुरलं, की बटनं नरम करायची राहूनच गेली.

हे त्यांना आठवलं तेव्हा सासूबाई बहिणीकडून परतून, भिंतीला धरून चपला काढत होत्या, आणि बायको समोर उभी होती.

"काय आई, कसा झाला प्रवास?"

चष्मेवाल्यांनी डोळे मिटून घेतले.

"छान!" सासूबाई म्हणाल्या. "पाळण्यात बसल्यासारखं वाटलं बाई."

आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन, तशी चष्मेवाल्यांची अवस्था झाली. पण ते विचारी गृहस्थ होते. त्यांनी डिकी उघडून पाहिलं. बटनं उजवीकडेच होती. म्हणजे कडक. मग पाळणा कुठून आला? गाडी चालवताना त्यांनाही दणके बसले होते. पण आपल्याला काय वाटतं याला किंमत नाही, खुर्चीत बसलेला माणूस सांगेल तेच खरं, हा त्यांच्या धंद्याचा पहिला नियम. ते बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले आणि एकदम त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. मेस्त्री समोर उभा होता! समोरच्याचा उजवा डोळा आपल्या डाव्या हाताला असतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? मेस्त्रीचं उजवं ते आपलं डावं. म्हणजे डावीकडे कडक आणि उजवीकडे नरम! बटन कुठल्याही बाजूने पाहिलं तरी एकाच दिशेला फिरतं, हे दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं असतं. पण दुसऱ्या कुणाच्या अंगात एवढं चष्मेवालेपण मुरलेलं नव्हतं.

पुढच्या ट्रॅकच्या रविवारी त्यांनी चारही बटनं डावीकडे फिरवली आणि निघाले. गाडी वळणावर जरा कलत होती, पण चाकं रस्ता सोडेनात. शेवटच्या वळणावर त्यांनी बेकरीवाल्याला मागे टाकलं.

"काय केलंत काय?" बेकरीवाल्याचं तोंड उघडंच.

"कडक," चष्मेवाले म्हणाले. "शेवटच्या खटक्यापर्यंत कडक!"

आता शंकेला जागाच उरली नाही. दर बुधवारी चष्मेवाले आठवणीने, प्रेमाने, स्वतः वाकून बटनं उजवीकडे आवळू लागले. आणि दर बुधवारी सासूबाई म्हणू लागल्या, "छान."

आता सासूबाई जाताना एक उशी बरोबर नेत. "बहिणीला द्यायची आहे." येताना उशी परत येई. "तिला रंग नाही आवडला." पुढच्या बुधवारी दोन उशा गेल्या आणि दोन्ही परत आल्या. शिवाय, पूर्वी सकाळी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे. हल्ली त्या कोडं उघडतही नसत. "त्यात आता राम नाही राहिला," असं म्हणत. चष्मेवाल्यांना वाटलं, वय झालं.

मग एका बुधवारी शाळेला सुट्टी होती. बायको म्हणाली, "मीही येते मावशीकडे," आणि मागे बसली.

गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक होता. गाडी त्यावरून गेली आणि बायकोचं डोकं टपावर आपटलं.

"अहो! थांबवा!"

गाडी थांबली. बायको डोकं चोळत पुढे वाकली. आई पुढच्या सीटवर दोन उशा घेऊन बसलेली, तिसरी पाठीशी, आणि दोन्ही हातांनी वरची कडी गच्च धरलेली. चेहऱ्यावर हसू होतं, पण डोळ्यांत पाणी.

"आई, हा पाळणा?"

सासूबाईंनी कडी सोडली. "छान नाही म्हटलं असतं तर तू गाडी विकली असतीस," त्या हळूच म्हणाल्या. "रविवारी घरी येतात तेव्हा त्यांचा चेहरा बघितलास कधी? माझी कंबर काय, तशीही दुखतेच."

चष्मेवाल्यांना इतकी लाज वाटली, आणि या बाईविषयी इतकी माया दाटून आली, की त्यांना शेजारी वळून बघवेना. ते खाली उतरले, चारही बटनं मुकाट्याने डावीकडे फिरवली आणि गाडी मागे घेऊन पुन्हा गतिरोधकावरून नेली. गाडी अलगद वर गेली आणि अलगद उतरली.

"अगंबाई!" सासूबाईंच्या तोंडून निघालं. ते मात्र खरं होतं.

चष्मेवाल्यांनी उजव्या-डाव्याचा सगळा घोळ सांगून टाकला. बायकोने मागे बसून हिशेब मांडला. "म्हणजे ट्रॅकवर तुम्ही नरम गाडीने जिंकलात?"

"तसं दिसतंय."

"आणि आईलाही नरमच हवी?"

"हो."

"मग ती फिरवायची बटनं घेतलीत कशासाठी?"

चष्मेवाल्यांनी गाडी पुढे काढली. "राहू दे ती गाडी," थोड्या वेळाने बायको म्हणाली, आणि खिडकीकडे तोंड करून हसली. "बटनांना मात्र हात लावायचा नाही."

चष्मेवाल्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि तो अर्ध्यावरच अडकला. त्यांनी शेजारी बसलेल्या सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंच्या नाकावर नवा चष्मा होता. चष्मेवाल्यांनीच नंबर काढून, हौसेने बनवून दिलेला. दिला तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "कसं दिसतंय?" आणि सासूबाई म्हणाल्या होत्या...

"आई," चष्मेवाल्यांचा आवाज बारीक झाला, "समोरच्या पाटीवर काय लिहिलंय?"

सासूबाईंनी समोर पाहिलं. मग पाटीकडे पाहिलं असं वाटावं म्हणून मान जराशी तिरकी केली.

"छान लिहिलंय," त्या म्हणाल्या.

गाडी मावशीकडे गेलीच नाही. ती सरळ दुकानात गेली. चष्मेवाल्यांनी सासूबाईंना खुर्चीत बसवलं, नंबर काढायची ती जड गोल फ्रेम त्यांच्या नाकावर चढवली आणि हात जोडले. "आई, गाडी विकत नाही. कुणी रागावणार नाही. आता फक्त खरं सांगायचं." त्यांनी एक भिंग घातलं. मग ते काढून दुसरं घातलं. "हे बरं, की मघाचं?"

सासूबाईंनी खूप विचार केला. एकदा भिंतीवरच्या अक्षरांकडे पाहिलं, एकदा जावयाकडे.

"तुम्हाला कुठलं बनवायला सोपं पडेल?"