देवासमोर तीनशे रुपये

"कर्ज काढून वृंदावन बाग बघायची म्हणजे कारंज्याच्या प्रत्येक थेंबावर व्याज," जानकी म्हणाली आणि बेबीच्या तोंडात मऊ भाताचा घास कोंबला.

सत्यवान मास्तरांनी सुस्कारा सोडला. हायस्कुलात भूगोल शिकवता शिकवता त्यांनी मुलांना अवघा हिंदुस्थान हिंडवून आणला होता. स्वतः मात्र बेळगावच्या पलीकडे गेले नव्हते. या मे महिन्यात बायको-मुलीला म्हैसूर दाखवायचे त्यांनी मनावर घेतले होते. खर्च तीनशे रुपये. सोसायटी कर्ज द्यायला तयार होती. अडून बसली होती ती जानकी.

तिलाही जायचे नव्हते असे नाही. कोल्हापूरला कॉलेजात असताना मैत्रिणीने आणलेले म्हैसूरच्या राजवाड्याचे चित्र तिने दोन वर्षे वहीत जपले होते. पण ती शेजारणीकडून वाटीभर विरजणसुद्धा उसने आणत नसे. बी. ए. झालेली सून कर्ज काढून मिरवायला गेली, असे गावाने म्हटले तर? आणि प्रवासात बेबीला ताप आला तर? आणि ताप आल्यावर कळले की तापाचेही हप्ते फेडायचेत, तर?

"तुमी दोघांनी भांडान काय होवचा नाय," सासूबाई, म्हणजे राधाबाई, चुलीपुढून म्हणाल्या. "रवळनाथाक कौल लावा. तो काय सांगात ता खरा."

जानकीला हे पटले. देवाने 'नाही' म्हटले की विषय संपला, आणि नवऱ्याला दुखावल्याचे पापही आपल्या माथी नाही. देव शहाणा असणार, म्हणजे तिच्याच मताचा असणार, याबद्दल तिला शंका नव्हती.

सोमवारी सकाळी, देवळात कुणी नसेल अशा बेताने चौघे निघाली. पण नेमकी त्याच दिवशी जत्रेच्या तयारीसाठी मानकऱ्यांची बैठक होती. सभामंडपात चाळीसेक माणसे पाने खात बसली होती. जानकीने नवऱ्याकडे पाहिले. मास्तरांनी खांबाकडे पाहिले.

"परत जाऊया," ती कुजबुजली.

"देवाच्या दारातसून परत?" राधाबाईंनी तिला पुढे ढकलले.

गंगाराम गुरवाने देवाच्या पाषाणावर उजवीकडे आणि डावीकडे एकेक ओली पाकळी चिकटवली. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मग हात जोडून त्याने खणखणीत आवाजात गाऱ्हाणे सुरू केले.

"बा देवा म्हाराजा! ह्यो तुझो झील सत्यवान मास्तर आज बायल-चेडवाक घेवन तुझ्या दारात उभो रवलो हा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा मंडप सवयीने गर्जला.

"कर्ज काढून म्हैसूराक जावचा म्हणता!"

"व्हय म्हा..." आवाज मध्येच अडखळला. चाळीस माना वळल्या.

"मास्तर, कर्ज कितक्याचा?" गंगारामने विचारले.

"हळू बोल रे!"

"देवाक हळू आयकाक येता. पण 'व्हय' म्हणतल्यांक कळाक नको?"

"तीनशे," मास्तर पुटपुटले.

"तीनशे रुपये, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी मंडप कडाडला. जानकीने पदर कपाळापर्यंत ओढला.

पाकळ्या हलल्या नाहीत. पाच मिनिटे गेली, दहा गेली.

"देवाक म्हैसूर खंय ता ठावक नसात," एक म्हातारा मानकरी म्हणाला. "मास्तर, वाट सांगा."

मास्तरांचा चेहरा उजळला. बेळगावापर्यंत एसटी, पुढे रेल्वे, वाटेत लागणाऱ्या नद्या, त्यांची उगमस्थाने. त्यांनी देवाला अख्खा धडा शिकवला. प्रत्येक नदीला "व्हय म्हाराजा!" झाले.

"थंय मासे गावतत?" कुणीतरी विचारले.

"धर्मशाळेत उतरणार आहोत. मासे नाहीत."

विचारणाऱ्याने तोंडातले पान गालात सरकवले.

"मगे जातास कित्याक?"

मास्तरांनी पुन्हा खांबाकडे पाहिले. पाकळ्या जागच्या जागी. शेवटी दाजीशेट उठले. ते सोसायटीचे चेअरमन.

"फुलाची वाट कित्याक बघतास? कर्ज मंजूर! जामीन मी स्वता रवतंय. मास्तर गरीब माणूस, तेची हौस आमी पुरवची नाय तर कोणी?"

"व्हय म्हाराजा!" मंडपाने तोंडाच्या सवयीने म्हटले.

ते 'गरीब माणूस' जानकीच्या कानात तापल्या सळईसारखे गेले. पदर मागे सारून ती पुढे झाली.

"दाजी, तुमचा लोभ आहे, तो असू द्या. पण आमची हौस गावाने पुरवायची नाही. आम्ही पैसे साठवू, तेव्हा जाऊ. साठले नाहीत तर आपल्या गावचाच समुद्र बघू. याच्यावर व्याज नाही."

एवढ्या मंडपात बाईमाणसाने असे बोललेले कुणी ऐकले नव्हते. मग मागून एकच आवाज आला, राधाबाईंचा.

"व्हय म्हाराजा!"

आणि पाकळी पडली. उजवी.

"देवान कर्ज घेवक सांगल्यान!" गंगाराम ओरडला. "आता मागे सराक येवचा नाय!"

मास्तरांनी आनंदाने घंटा वाजवली. दाजीशेट म्हणाले, "सांजच्याक फारम धाडतंय." जानकीच्या डोळ्यांत पाणी आले. माणसांना उत्तर देता येते. देवाला काय देणार?

राधाबाई शांतपणे गुरवापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"गंगाराम, देवान कर्ज घेवक सांगल्यान?"

"सांगल्यान."

"कोणाकडसून?"

गंगारामने डोके खाजवले. "ता... इचारूकच नाय."

"बरा झाला." त्या सुनेकडे वळल्या. "माझ्याकडे आमसोला-नारळ इकल्याचे पैशे आसत. बारा वर्सा साठयलंय. तीनशाक तोटो नाय. देवाचो शब्द रवलो, तुझोय रवलो. चल घराक. बेबी उपाशी आसा."

"आणि आई, व्याज?" मास्तरांनी भीत भीत विचारले.

"घराक चल, सांगतंय."

भर दुपारच्या उन्हात जानकी बाजारातून घरी गेली ती मान ताठ ठेवून. दाजीशेटच्या दुकानापुढून तर अंमळ सावकाशच.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर शेजारच्या आनंदीबाईने तिला गाठलेच.

"काय गो, घेतलास मां कर्ज शेवटाक?"

"घेतलं," जानकी अभिमानाने म्हणाली. "पण घरातलं घरात. आमच्या सासूबाईंकडून."

"अगो बाय! सासवेचा कर्ज! मगे व्याज कितक्या?"

जानकीने कळशी कमरेवर घेतली आणि हनुवटीने आपल्या घराच्या ओटीकडे खूण केली. तिथे राधाबाई ठेवणीतले लुगडे नेसून, सुट्टी लागायला अजून तीन आठवडे असताना, बांधलेल्या वळकटीवर बसल्या होत्या.

"ते काय," जानकी म्हणाली, "आमच्याबरोबर येतंय."