चार नालांचं बिल

सलीमभाई नालबंद बिलाला कान लावून ऐकतात. हे मी शब्दशः सांगतेय. फाइल टेबलावर आडवी ठेवायची, बोटांच्या पेरांनी तिच्यावर दोनदा टकटक करायचं, मान वाकवून उजवा कान पुठ्ठ्याला टेकवायचा आणि डोळे मिटायचे. आमच्या पंचायत समितीच्या लेखा शाखेत हे रोज चालतं आणि त्यांच्या शेजारच्याच टेबलावर बसणाऱ्या मला आता त्यात काही वाटत नाही.

नव्या गटविकास अधिकाऱ्यांना मात्र वाटलं. पहिल्याच दिवशी ते शाखेत आले, तर सलीमभाई फाइलवर डोकं ठेवून डोळे मिटून बसलेले.

"यांना बरं नाही का?" साहेबांनी मला विचारलं.

"ऐकतोय साहेब," डोळे न उघडता सलीमभाई म्हणाले. "चौथ्या पायात खिळा ढिला वाटतो."

साहेबांनी फाइल मागून घेतली, उभ्या उभ्या चाळली, सगळं जागेवर दिसलं. ते फाइल परत ठेवून निघून गेले. दुपारी कळलं की फाइलवर खरोखरच एक सही राहिली होती. सलीमभाईंची स्वतःची.

त्यांचे वडील घोड्यांना नाल ठोकायचे. आजोबाही तेच करायचे. सलीमभाई शिकले, परीक्षा देऊन लेखा शाखेत आले, पण भाषा घरचीच राहिली. केंद्राच्या काही योजनांत आधी आपल्याकडचा पैसा घालून काम करायचं असतं आणि मग तो दिल्लीकडून परत मागायचा असतो. मागणी तिमाही संपायच्या आत गेली पाहिजे. राहिली तर तो पैसा गेला आणि गावातलं पुढचं कामही बसलं. सगळं कार्यालय त्याला क्लेम म्हणतं, सलीमभाई बिल म्हणतात. त्यांच्या मते बिलाला चार पाय असतात: मोजमाप, फोटो, पैसे दिल्याचा पुरावा आणि सह्या. चारही पायांना नाल पाहिजे.

"तीन नालांवर घोडं दिल्लीला जात नाही ताई. वाटेत दोंडाईच्यालाच बसतं."

कोणीही फाइल घेऊन आलं की त्यांचा पहिला शब्द, "पाय दाखव." नवीन माणूस हमखास चप्पल काढतो.

नर्मदाकाठच्या एका गावाचे ग्रामसेवक वसावे भाऊसाहेब एकदा पाण्याच्या टाकीचा फोटो घेऊन आले. तिथून यायचं म्हणजे आधी बोट, मग जीप, मग एसटी. फोटोत वसावे भाऊसाहेब नवा शर्ट घालून मनसोक्त हसत होते. त्यांच्या कानामागे टाकीचा एक कोपरा दिसत होता.

"दिल्लीले तुन्हं तोंड मंजूर नई करनं रे भो, टाकी मंजूर करनी शे!" सलीमभाई अहिराणीवर आले.

"टाकी एकटीच उभी होती भाई," वसावे म्हणाले. "वाईट वाटलं."

सलीमभाईंनी त्यांना चहा पाजला, भजी खाऊ घातली आणि त्याच पावली परत पाठवलं. आधी एसटी, मग जीप, मग बोट.

हे झालं अकरा महिन्यांचं. डिसेंबरचे सलीमभाई वेगळे.

माझं सासर सारंगखेड्याचं. तापीकाठी शेती आहे, आणि डिसेंबरात घोड्यांचा मेळा अगदी दारात भरतो. मी दरवर्षी जाते. माझी यादी ठरलेली असते: बरण्या, स्वेटर, लोखंडी तवा, नणंदेच्या नातवाला खेळणं. घोडी मला दोन्ही बाजूंनी सारखीच दिसतात. पण मेळ्याहून परत आले की सोमवारी सलीमभाई खुर्ची ओढून समोर बसायचे.

"ताई, माती कशी होती?"

"मातीसारखी होती."

"तसं नाही. ओली का भुसभुशीत? टाप वाजत होती का दबत होती?"

मग, नुकरे किती आले? नुकरा म्हणजे पांढरा घोडा, हे मला त्यांनीच शिकवलं. मग, घाटाकडच्या लिंबाखाली कोण बसलं होतं? तो लिंब कसा आहे, फांद्या तोडल्या का? मी वैतागून म्हणायचे, "इतका जीव आहे तर स्वतः जा की! तासाभराचा तर रस्ता." ते म्हणायचे, "तिमाही संपतेय ताई. बिलं कोण पाठवील?" शेवटी मी माझ्या यादीत तव्याच्या खाली त्यांची कलमं लिहायला लागले. माती. नुकरे. लिंब. काम डोक्यावर असलं की यादीत घालावं, म्हणजे ते त्रास देत नाही.

गेल्या डिसेंबरच्या सुरुवातीला मी म्हटलं, "सलीमभाई, मे महिन्यात तुम्ही रिटायर. पुढच्या मेळ्याला मोकळे. माझी सुटका झाली एकदाची."

ते हसले नाहीत. पेनाचं टोपण लावत, काढत बसले.

"पुढच्या मेळ्यापर्यंत अब्बा राहतील असं वाटत नाही," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. त्या लिंबाखालची जागा त्यांच्या अब्बांची. मेळा उठायच्या दिवशी शेवटच्या घोड्याच्या शेवटच्या नालाचा शेवटचा खिळा अब्बा मारत नसत. तो लेकाने मारायचा, हा घरचा रिवाज. पुढे अब्बांचे गुडघे गेले, बसणं बंद झालं. तेव्हा ते लेकाला म्हणाले, तू जात जा, कोणी ना कोणी नालबंद तिथं असेलच, त्याच्याकडून एक खिळा मागून घे, मार, आणि मला येऊन सांग.

"पहिल्या वर्षी खरंच बिल अडकलं होतं ताई. घरी गेलो तर अब्बा जागेच. म्हटलं, जाऊन आलो. दुसऱ्या वर्षी म्हटलं, आता जाऊन काय तोंड दाखवू त्या जागेला? मग दरवर्षी तुम्हाला विचारायचं आणि घरी जाऊन सांगायचं." त्यांनी टोपण एकदाचं लावलं. "जिंदगीत एकच खोटं बिल लावलं. तेही बापाला. एकदा तरी खरं लावायचं होतं."

मला रडणं वगैरे जमत नाही. मी कागद घेतला.

पहिलं, सगळ्या ग्रामसेवकांना फोन: या वेळी पंधरवडाभर आधी. दुसरं, साहेबांची सही बैठकीच्या आधी, नंतर ते सापडत नाहीत. तिसरं, मेळा उठायच्या दिवशी सलीमभाईंची रजा, अर्ज माझ्यासमोर लिहून घेणे. फोनवर मी ग्रामसेवकांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. पण बिलं आली. वसावे भाऊसाहेब बोट, जीप आणि एसटी करून सर्वांत आधी आले. फोटोत फक्त टाकी होती. टाकीच्या पायरीवर त्यांनी चपला तेवढ्या काढून ठेवल्या होत्या, सोबत म्हणून. सलीमभाईंनी तो फोटो बराच वेळ पाहिला आणि मंजूर केला.

शेवटचं बिल दिल्लीच्या पोर्टलवर चढलं तेव्हा त्यांनी संगणकाच्या पडद्यावर दोनदा टकटक केलं आणि कान लावला. साहेब दारात उभे होते.

"काय म्हणतंय?" साहेबांनी विचारलं.

"चालतंय साहेब. नीट चालतंय."

दुसऱ्या दिवशी आम्ही सारंगखेड्याला उतरलो. मेळा उठत होता. तंबू उतरत होते, घोडी गाड्यांत चढत होती. लिंब होता. त्याच्याखाली गुजरातेतून आलेला एक तरुण नालबंद एका तांबूस घोडीचा पाय मांडीवर घेऊन बसला होता. सलीमभाई पाच पावलांवर उभे राहिले आणि तिथेच थांबले. माणसाला फाइल मागायची सवय असते, खिळा मागायची नसते.

मीच पुढे झाले. "भाऊ, यांना शेवटचा एक खिळा मारू दे."

"लात मारेगी चाचा को."

"मारू दे. बरीच वर्षं उधार आहे."

पोरगा हसला, बाजूला सरकला. सलीमभाईंनी मफलर माझ्याकडे दिला आणि घोडीच्या मानेवरून हात फिरवत, तिच्याशी काहीतरी पुटपुटत, पाठीमागे गेले. तिनं पाय आपण होऊन उचलला. दोन घाव तिरके, एक सरळ. मग पेरांनी खुरावर टकटक, आणि कान. इतकी वर्षं पुठ्ठ्याला लावलेला कान पहिल्यांदा जागेवर होता.

"किसने सिखाया?" पोराने विचारलं. सलीमभाईंनी अब्बांचं नाव सांगितलं. पोरगा विचारात पडला. "सुना सुना लगता है," तो म्हणाला. त्याने ऐकलेलं नव्हतं, हे आम्हा तिघांनाही कळलं. पण बरं वाटलं.

माझ्या पिशवीत साबणाची चकती, रुमाल, पाण्याची बाटली असं सगळं असतं. मी म्हटलं, "हात धुवा." ते म्हणाले, "नको." जिलबी घेतली तर त्यांनी डाव्या हातात चमचा धरून ती खाल्ली. उजवा हात नवरदेवाच्या मेंदीच्या हातासारखा अंगापासून लांब. एसटीत गर्दी होती, तरी दांडी धरली नाही. प्रत्येक वळणावर माझ्या अंगावर यायचे आणि "माफ करा ताई" म्हणायचे. तिकीट मीच काढलं.

"याचा क्लेम लावीन तुमच्याकडे," मी म्हटलं.

त्यांच्या घरात अब्बा खाटेवर भिंतीला टेकून बसले होते, कानटोपी घालून. नजर जवळजवळ गेलेली. सलीमभाई खाटेच्या कडेला बसले. अब्बांनी हात पुढे केला. लेकाचा उजवा हात चाचपून घेतला आणि नाकाशी नेला. बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"आज गया तू," ते म्हणाले.

सलीमभाईंची मान खाली गेली.

"हर साल साबुन की बास आती थी."

"अब्बा, आपको मालूम था? तो बोले क्यों नहीं?"

"तू सुनाता अच्छा था रे."

सलीमभाईंच्या घरच्या भाभी माझ्यापुढे चहा ठेवून दारातच थांबल्या होत्या. अब्बांनी लेकाच्या तळहातावर पेरांनी दोनदा टकटक केलं. मग सरसावून बसले, पोर गोष्ट ऐकायला बसतं तसे.

"अब बता. मिट्टी कैसी थी?"

सलीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं. दरवर्षी पाहायचे तसंच. उत्तर मला येत होतं: वरून कोरडी, आत ओल, टाप दबत होती. पण या वेळी माती त्यांनी स्वतः पाहिली होती. मी चहाचा कप तोंडाला लावला.