मशीनसाठी बुआरा

"मग ताप भरेपर्यंत बस त्याच्या उशाशी!" खिमी ओरडली. "सकाळपासून एकच पालुपद. गरम होतंय, थांबा. गरम होतंय, थांबा. माझी म्हैससुद्धा दूध द्यायला एवढा वेळ लावत नाही."

"म्हैस नखरे करते. हे मशीन आहे. शिस्तीत गरम होतं," मी म्हणाले.

(त्या वेळी हे उत्तर मला फार ठसकेबाज वाटलं होतं.)

खिमी माझी धाकटी जाऊ. आमच्या सेराजात थोरल्या जावेला बहिणीच्या मानानं 'बोबो' म्हणतात. खिमीनं मला बोबो म्हटलं की पुढे काहीतरी बोचणारं येणार, हे मी ओळखून असते. पण मी काही नुसती जाऊ नाही. विणकर बायकांच्या सोसायटीची प्रधान आहे. शाळेची पायरी चढले नाही. औषधांच्या वेष्टनांवरून आणि बसच्या पाट्यांवरून अक्षरं शिकले, इंग्रजीसुद्धा. त्यामुळे मशीनच्या काचेवर काय लिहिलंय ते मला कुणी सांगायला लागत नव्हतं. गरम होत आहे, थांबा. मी थांबले होते. सगळी सोसायटी थांबली होती.

मशीन हवं होतं ते नक्षीसाठी. शालींची मोठी मागणी आली होती आणि सगळ्यांचे काठ एकसारखे हवे होते. काठाची नक्षी मी स्वतः चौकटीच्या कागदावर काढली, एक चौकट म्हणजे एक धागा. आधी तो एकच कागद घरोघर फिरायचा. तिसऱ्या घरी त्यावर वाफवलेल्या सिड्डूवरचं तूप सांडलं आणि तिथून पुढे विणल्या गेलेल्या प्रत्येक फुलाला शेपूट फुटलं. म्हणून मंडी शहरातून वापरलेलं फोटोकॉपी मशीन आणायचं मी ठरवलं. खिमी म्हणाली, नक्षी डोक्यात ठेवायची असते, डब्यात नाही. मला राग आला. भर बैठकीत मी उठून सांगितलं, "पुढच्या बैठकीत प्रत्येकीच्या हातात नक्षी ठेवली नाही, तर प्रधानकी सोडेन."

ती पुढची बैठक म्हणजे आज. बायका भिंतीला टेकून अंगाभोवती लोकरी पट्टू गुंडाळून बसलेल्या. बाहेर मंडीचा ट्रकवाला चहा पीत उभा. मशीन चाललं नाही तर आजच परत न्यायचं, असा त्याच्याशी करार होता. म्हणजे ट्रकमध्ये मशीन जाणार आणि त्याच्या मागोमाग माझी खुर्ची.

आता एक गोष्ट आधीच सांगते, कारण खिमी ती सांगितल्याशिवाय राहणार नाही. मशीन आलं त्या दिवशी मी ऑफिसातला, लाकडं जाळून खोली गरम करणारा तंदूर बाहेर काढायला लावला. धुराची काजळी मशीनमध्ये गेली तर? (एवढा पुढचा विचार करणारी प्रधान तुम्हाला मिळायची नाही.) त्या दिवसापासून ऑफिसात शाई गोठायला लागली. मग आमचा क्लार्क दुनीचंद, त्यानं टेबलाखाली विजेचा हीटर ठेवला. मी प्रधान, मी माझ्या टेबलाखाली ठेवला.

"दुनीचंद, मंडीला फोन लाव," मी म्हणाले.

मंडीचा कारीगर भूपसिंग फोनवर आला. "अम्मा, खोली फार थंड असेल तर मशीनला वेळ लागतो. खोली जरा उबदार करा. आणि हो, त्याच लाइनवर दुसरं काही—"

मी फोन ठेवला. मुद्दा कळला की मी पुढचं ऐकत बसत नाही. तरुण माणसं फार बोलतात.

"ऐकलंत?" मी बायकांकडे वळले. "गारठलंय बिचारं. बुआरा करायचा."

आमच्याकडे कुणाचं घर उभं करायचं असो की गवत कापायचं असो, प्रत्येक घरातून एक माणूस येतं. त्याला बुआरा म्हणतात. बोलावलं की नाही म्हणायची सोय नाही. मग मशीननं काय पाप केलं होतं?

"माणसं नकोत," मी म्हणाले. "प्रत्येक घरातून एक हीटर."

खिमी कुरकुरली, पण बुआऱ्याला नकार म्हणजे गावात तोंड दाखवायला जागा नाही. थोड्या वेळात बायका हीटर काखेत मारून परत आल्या. लांब, गोल, एक तर पंख्यासारखा गरगर फिरणारा. दुनीचंदनं एका बोर्डाला दुसरा बोर्ड, दुसऱ्याला तिसरा जोडला. सगळे हीटर मशीनच्या भोवती गोल मांडले. वरून मी माझा लग्नातला पट्टू मशीनला पांघरला.

डोक्यावरचा बल्ब लोणच्याच्या तेलासारखा पिवळा झाला.

"बोबो, दिवा गेला बघ," खिमी म्हणाली.

"ढग आलेत," मी म्हणाले.

"ढग बल्बमध्ये आलेत?"

"तू विणकाम कर. वीज माझ्यावर सोड."

हीटरच्या तारा लालच्या ऐवजी विटकरी दिसायला लागल्या. मशीननं आतून एक लांब उसासा टाकला. पट्टू उचलून पाहिलं. गरम होत आहे, थांबा.

"आणखी हीटर आणा!" मी म्हणाले.

"आणखी?" खिमी उठली. तिचा धाटू डोक्यावरून घसरला, तरी तिला भान नव्हतं. "घरी म्हातारा कुडकुडतोय, पोरांची दुलई ओली, आणि मी माझा हीटर ह्या खोक्यापुढे ओवाळत बसू? जळो तुझी नक्षी! तुला खुर्ची सोडवत नाही म्हणून हा सगळा तमाशा!"

"खुर्ची मी कष्टानं मिळवलीय!"

"मग कष्टानंच ऊब दे तिला!"

असं म्हणून तिनं तिच्या हीटरची वायर खस्सकन उपटली. तिच्या बाजूच्या बायका उठल्या, त्यांनीही आपापल्या उपटल्या. माझ्या बाजूच्या बायकांना वाटलं, गर्दीत आपला हीटर दुसरीच घेऊन जाईल, त्यांनीही उपटल्या. दुनीचंदचा कुणी नेला कळलंच नाही. खिमीनं जाता जाता माझ्या टेबलाखाली हात घातला. "हाही घरचाच आहे," म्हणाली आणि तोही उचलला.

बल्ब एकदम लख्ख पेटला. मशीन टुणकन वाजलं. काचेवरचं 'थांबा' गेलं आणि हिरवा दिवा लागला.

दारात पोचलेल्या सगळ्या तिथंच खिळल्या, काखेत हीटर घेऊन.

"बघितलंत?" मी म्हणाले. "धाक लागतो, धाक!"

पुढचा मान मी दुनीचंदला दिला नाही. स्वतः झाकण उघडलं, नक्षी तोंड वर करून, माझ्याकडे नीट बघेल अशी काचेवर ठेवली, झाकण मिटलं आणि बटण दाबलं. मशीन घरघरलं. एकामागून एक कागद बाहेर आले, तव्यावरून उतरवल्यासारखे गरम. मी एकेकीच्या हातात कागद ठेवत गेले, प्रसाद वाटावा तसा, मान ताठ ठेवून. बायकांनी ते गरम कागद गालाला लावले, छातीशी धरले, एकीनं तर धाटूच्या आत सरकवला. कुणी बघायच्या भानगडीतच पडलं नाही. ट्रकवाल्यानं आत डोकावलं, मशीन चाललेलं पाहिलं आणि चहाचा कप ठेवून निघून गेला.

"आता सांग," मी खिमीला म्हणाले. "सगळ्यांसमोर सांग. प्रधान कोण?"

खिमीनं गालावरचा कागद काढला. एका बाजूनं पाहिला, दुसऱ्या बाजूनं पाहिला, मग उजेडाकडे धरला.

"प्रधान तूच राहा, बोबो," ती म्हणाली, "इतके कोरे कागद इतक्या रुबाबात वाटणं आमच्यापैकी कुणाला जमायचं नाही."