हकीकत एका शब्दाच्या फत्तेची

श्री लहरदेवता प्रसन्न. फ्रान्स देशी, नीस शहरानजीक टेकडीवर, बिनतारी यंत्रांचे कायदे ठरविणारी मजलस भरली आणि तेथे एका शब्दावरून घोर संग्राम जाहला. त्याची ही हकीकत. आम्हीही त्यात खुर्चीवरून न उठता शर्थीने लढलो, हे जाणिजे.

कारण ऐसे की, हल्लीची यंत्रे बहुरूपी. आता वायफायच्या जाळ्याच्या चाकरीत, मग मोबाइलच्या, आणि वक्त पडेल तैसा आपला अवतारही बदलणार. तेव्हा कोणत्या जाळ्यात रुजू व्हावे, हे जाळ्याने ठरवावे की यंत्राने? जाळ्यांचे वकील, लिस्बनचे दुआर्त साहेब फर्मावीत की जाळ्याचा हुकूम यंत्राने मानलाच पाहिजे. यंत्रांचे वकील, फिनलंडचे टुओविनेन साहेब फर्मावीत की मानल्यास बरे. या 'पाहिजे' आणि 'बरे' यांच्या दरम्यान वर्षे लोटली, मुत्सद्द्यांचे केस पिकले, आणि ज्या यंत्रांसाठी मसलत चालली होती ती बाजारातून बादही जाहली.

मग या मजलशीवर हुकमत असलेल्या थोरल्या मंडळाचे फर्मान आले की, आज जेवणाआधी एकमत न जाहल्यास मजलस बरखास्त. सदरेवर घिस्लेन आस्त्रुक बाईसाहेब. उमेदीची सारी वर्षे त्यांनी या एका कलमात घातलेली. फर्मान ऐकोन त्यांचा चेहरा उतरला, आणि त्यांनी कॉफीची सुटी दिली, कारण या दरबारी खरे खलबत कॉफीपाशीच होते.

"तुमचं यंत्र म्हणजे लाडावलेला जावई हो, टुओविनेन," दुआर्त म्हणाले. "घर कुणाचंही असो, मर्जी याचीच!"

टुओविनेन साहेबांनी अर्धा कप संपविला, आणि मग वदले, "आणि तुमचं जाळं म्हणजे सासू. रेंज नाही धड, पण हुकूम सोडायचे."

"पुरे!" बाईसाहेब कडाडल्या. "सासू-जावई दोघांनाही आज घराबाहेर काढणारेत. 'हुकूम यथायोग्य मानावा' असं लिहिते मी. चला आत!"

मजलशीचा रिवाज ऐसा की, सदरेने हरकत पुसावी, आणि कोणी न बोलल्यास एकमत मानावे. बाईसाहेबांनी पुसले. दुआर्त गप्प, कारण योग्य काय ते जाळेच जाणे, ऐसी त्यांची खातरी. टुओविनेनही गप्प, परंतु फिनलंडचा हा मोहरा प्रत्येक शब्द थंड करोन मगच बाहेर काढी, हे सर्वांस ठाऊक, आणि बाईसाहेबांस तर फारच ठाऊक. टुओविनेन साहेबांनी श्वास घेतला, तोंड उघडले, तोच बाईसाहेबांचा हातोडा पडला. टाळ्यांनी छत दुमदुमले. आम्हीही वाजविल्या.

टाळ्या सरल्यावर टुओविनेन बोलते जाहले, "पण योग्य काय, हे ठरवायचं कुणी?"

"सोक्का, आमचं नीसचं बेसनाचं धिरडं, गरम आहे तोवर खाऊन घ्या, साहेब," बाईसाहेब डोळे पुसत म्हणाल्या.

मग दोन्ही फौजा ताटांकडे कूच करत्या जाहल्या. येणेप्रमाणे फत्ते जाहली. हुकूम यथायोग्य मानावा, ऐसे सर्वानुमते कायम ठरले. योग्य काय हे कोणी ठरवावे, ते ठरले नाही, म्हणोनच ठरले.