थरथरत्या स्टिअरिंगचा अधिकृत पाठ

प्रस्तुत कथेचे तीन पाठ सध्या प्रचारात आहेत. लातूर पाठात मी लाल टॉवेल गुंडाळून भररस्त्यात उभा असतो. नांदेड पाठात मी कॉम्प्युटरचा मॉनिटर छातीशी धरून खिडकीतून उडी मारतो. (आमच्या खिडक्यांना गज आहेत. नांदेडच्या निवेदकांनी निदान एकदा येऊन खात्री करून घ्यायला हवी होती, एस.टी. चालू आहे.) तिसरा, म्हणजे देगलूर पाठ, माझ्या सासुरवाडीत तयार झाला. तो मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तिन्ही भाषांत सांगितला जातो, आणि तिन्ही भाषांत मी सारखाच मूर्ख ठरतो. भाषा बदलली की कथेचा आशय थोडाफार पातळ होतो, असा माझा आजवरचा अनुभव. या एका कथेने तो खोटा ठरवला.

ज्या माणसाने तीस वर्षे गावोगाव फिरून इतरांच्या कथांचे पाठ जमवले, ताडून पाहिले, तळटीपांसह छापले, त्याच्यावर स्वतःच कथाविषय होण्याची वेळ यावी, आणि तीही इतक्या निष्काळजी निवेदकांच्या तोंडी, याचा मी येथे स्पष्ट शब्दांत निषेध नोंदवतो. टॉवेल हिरवा होता. एवढ्या साध्या बाबतीत ज्यांना अचूक राहता येत नाही, त्यांच्यावर उरलेल्या कथेचा भरवसा कसा ठेवावा? म्हणून अधिकृत पाठ मीच देत आहे.

काळ २००१च्या एप्रिलचा. स्थळ लातूर, आमचे राहते घर. खालच्या मजल्यावर मी आणि माझ्या पत्नी महानंदा. वरच्या मजल्यावर सीईटीच्या तयारीसाठी ठिकठिकाणच्या तालुक्यांतून आलेल्या आठ मुली. महानंदा ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात. (शिकवून झाल्यावर ते घरीही आणतात.) कुकरच्या शिट्ट्या मोजणारे त्यांनी केलेले यंत्र आमच्या स्वयंपाकघरात आहे. ते भंगारवाल्याची आरोळीही मोजत असल्यामुळे आमचा भात वर्षभर कच्चा राहिला. घरात कॉम्प्युटर तीन, पैकी दोन सदैव उघडे, आतडी बाहेर काढल्यासारखे. जेवताना चर्चा रॅमची. अशा घरात मानव्यविद्येचा एकमेव प्रतिनिधी या नात्याने मी एक नियम कागदावर लिहून जिन्यात चिकटवला होता : ‘या घरात कॉम्प्युटरवर गेम खेळले जाणार नाहीत.’ मुलींच्या कॉम्प्युटरवरचा पत्त्यांचा डावसुद्धा मी स्वहस्ते पुसून टाकला होता. वाचकांनी हे ध्यानात ठेवावे, अशी माझी इच्छा नाही. पण पाठाच्या अधिकृततेसाठी ते नोंदवणे भाग आहे.

त्या जानेवारीत गुजरातेत भूकंप झाला आणि आमच्या भागातल्या लोकांची त्र्याण्णवच्या भूकंपात उडालेली झोप पुन्हा उडाली. मुलींचे वडील त्यांना न्यायला एकेक करून येऊ लागले. तेव्हा महानंदांनी दोन महिने खपून भूकंपसूचक तयार केला. लाकडी चौकटीत एक लोलक टांगलेला, त्याच्या टोकाला सुई, सुईभोवती तारेचे कडे. जमीन हलली की सुई कड्याला टेकणार आणि शाळेतून आणलेली जुनी इलेक्ट्रिक घंटा वाजणार. हे यंत्र मधल्या खोलीच्या कोनाड्यात ठेवून त्यावर त्यांनी चिठ्ठी डकवली : ‘हलवू नये.’

आता माझ्या हातून घडलेला तो छोटासा निर्णय.

समोर नासिरभाईंचे कॉम्प्युटर दुरुस्तीचे दुकान आहे. धर्माबादच्या कुणा गिऱ्हाइकाचे, मोटारीच्या खेळात वापरायचे स्टिअरिंग त्यांच्याकडे दुरुस्तीला आले होते. गाडी आदळली की हे स्टिअरिंग हातात थरथरते. नासिरभाई म्हणाले, “सर, दोन दिवस चालवून बघा ना. थरथर बराबर येती का न्हाई, तेवढं सांगा. माझं चेकिंग हुईल.” वस्तूची चाचणी घेणे म्हणजे खेळणे नव्हे. मी होकार दिला. स्टिअरिंग मधल्या खोलीतल्या, कॉम्प्युटरच्या लोखंडी टेबलाला स्क्रूने आवळून बसवायचे होते, आणि त्याच्या वायरीसाठी रिकामा प्लग फक्त कोनाड्यात होता. म्हणून मी लोलक बोटाने धरून यंत्र कोनाड्यातून काढून त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवले. अंतर फार तर चार फूट. यंत्राला बॅटरी होती. त्याची काही तक्रार नव्हती. चाचणी संपली की मी सगळे पूर्ववत करीत असे. महानंदा घरात नसताना ही चाचणी चाले. ती एकोणीस दिवस चालली, कारण तीन फेऱ्यांची शर्यत मला एकदाही पूर्ण करता आली नव्हती, आणि अर्धवट पुराव्यावर निष्कर्ष काढणे माझ्या स्वभावात नाही.

एका रविवारी दुपारी लोह्याहून हणमंतराव आले. त्यांची तनुजा आमच्याकडच्या आठ मुलींपैकी सर्वांत हुशार. महानंदा वर त्यांच्याशी बोलत होत्या. मी कानांना हेडफोन लावून खाली चाचणीत होतो, त्यामुळे पुढील संवाद मला उपस्थितांकडून मिळाला आहे.

“बाई, पोरीची पेटी भरायला सांगा. न्यायला आलो हाय.”

“अहो हणमंतराव, परीक्षा तोंडावर आली. आत्ता नेलं तर वर्ष गेलं तिचं.”

“परीक्षा पुढच्या साली बी येती. पोरगी एकच हाय. गुजरातचं टीव्हीवर बघितल्यापासून तिच्या आईच्या डोळ्याला डोळा न्हाई.”

“खाली यंत्र बसवलंय मी. जमीन जरा हलली की घंटा होते. दीड मिनिटात पोरी रस्त्यावर. रोज पळवते त्यांना.”

“तुमचा भरवसा हाय त्या यंत्रावर?”

“हाय.”

हणमंतराव म्हणाले, “मंग ठिवतो.” तनुजाने त्यांच्या हातात चहाचा कप दिला.

त्या क्षणी मी तिसऱ्या फेरीत होतो. आयुष्यात प्रथमच. (थरथरीचा जोर आधीचे सर्व दिवस मी सर्वांत कमी ठेवला होता; चाचणी परिपूर्ण व्हावी म्हणून त्या दिवशी तो पूर्ण वाढवला होता.) आनंदाच्या भरात वळण विसरलो आणि गाडी कठड्यावर आदळली. स्टिअरिंग असे थरथरले की माझा चष्मा नाकावरून घसरला. टेबल गुणगुणू लागले. पाठोपाठ घंटा झाली. हेडफोनमधून मला ती अस्पष्ट ऐकू आली आणि अपघातानंतर घंटा वाजवण्याची ही कल्पना खेळाच्या कर्त्यांना बरी सुचली, असे मला वाटले. खिडकीबाहेरच्या जिन्यावरून आठ मुलींचे सोळा पाय धावताना दिसले, तेव्हा मूळ स्रोत लक्षात आला.

स्क्रू सैल करणे, स्टिअरिंग खोक्यात घालून पलंगाखाली सरकवणे, यंत्र कोनाड्यात ठेवणे, चिठ्ठीची बाजू पुढे करणे : या सर्वाला चार मिनिटे लागली. मग मी बाहेर पडलो. एप्रिलमधल्या लातुरात कोणताही विचारी पुरुष दुपारी घरात बनियन आणि टॉवेलवरच असतो. यात हसण्यासारखे काय आहे, ते मला कोणत्याही पाठाने पटवून दिलेले नाही.

सगळी गल्ली रस्त्यावर होती. मुलींपैकी देगलूरची कहकशां मला पाहताच ओरडली, “सर सगळ्यांच्या शेवटी निघाले! वर कुणी राहिलं का बघत होते!”

मुलींनी टाळ्या वाजवल्या. हणमंतरावांनी हात जोडले. मी ते विधान नाकारले नाही. निवेदकाला मध्येच तोडू नये, हा क्षेत्रकार्याचा पहिला नियम आहे.

पण हणमंतराव कप हातात घेऊनच खाली आले होते, आणि आता त्या कपाकडे पाहत होते. “हादरा तर कुनालाच लागला न्हाई. माझ्या कपातला चहा बी सांडला न्हाई. बाई, यंत्र खोटं हाय तुमचं.”

महानंदा आत गेल्या, सुई पाहिली, कडे पाहिले, बॅटरी पाहिली. बाहेर आल्या तेव्हा दोन महिने एकदम वयाने वाढल्यासारख्या दिसत होत्या. “सगळं नीट आहे,” त्या म्हणाल्या. “मग का वाजलं ते मला कळून नाही राहिलं.”

“तनुजा, पेटी आन.”

मला ते पाहवेना. मी पुढे झालो. “हणमंतराव, यंत्र खरे आहे. मला हादरा जाणवला. माझे हात थरथरले.” (या वाक्यातील प्रत्येक शब्द खरा आहे. कुणीही तपासून पाहावे.)

“आसं?” हणमंतरावांनी कप नासिरभाईंच्या पायरीवर ठेवला. “खरा भूकंप झाला मनता?”

“होय.”

“मंग तर बिलकूल ठिवत न्हाई. जमीन हालून राहिली आन् पोरगी वरच्या मजल्यावर कोन ठिवील?”

माझ्या तर्कशक्तीला असा धक्का यापूर्वी कोणत्याही विद्यापीठीय समितीने दिला नव्हता. यंत्र खोटे ठरले तरी मुलगी जाणार. खरे ठरले तरी जाणारच. एवढ्यात घरातला फोन वाजला. देगलूरहून मेहुणे भुजंग : “भावजी, वरचा मजला पडला म्हणे? तुम्ही कुठून बोलून राहिले?” भूकंपाच्या अफवा कोणत्या वेगाने पसरतात, यावर माझा एक सोळा पानी निबंध आहे. त्यातला वेग फारच कमी धरला होता, हे मी खेदाने मान्य करतो.

बाहेर आलो तर तनुजा पेटी घेऊन उभी. तिने महानंदांची वही त्यांना परत दिली. “मॅडम, शेवटचा धडा राहिलाच.” महानंदा वही घेईनात. तीही हात मागे घेईना.

हणमंतराव माझ्याजवळ आले. आवाज उतरला होता. “सर, त्र्याण्णवला मेव्हण्याच्या गावात ह्या हातानं माती उकरली हाय. कुनाकुनाला काढलं, ते सांगत न्हाई. यंत्राचं मला कळत न्हाई. पर तुमच्यासारख्या मानसानं सांगितलं, म्हनून नेतो. राग धरू नका.”

येथे लातूर पाठात मी मोठ्याने रडतो. ते साफ खोटे आहे. मी फक्त चष्मा पुसला.

“हणमंतराव, भूकंप झाला नाही,” मी म्हणालो.

“मंग?”

“मी गाडी चालवत होतो.”

“कुठं?”

“घरात.”

“घरात गाडी?”

“कॉम्प्युटरवर. ती आदळली.”

महानंदांनी वही घेतली आणि छातीशी धरली. “अहो, कुठली गाडी?”

“लाल,” नासिरभाईंनी माहिती पुरवली.

मी सर्व सांगितले. प्लग, टेबल, चार फूट अंतर, एकोणीस दिवस. (जिन्यातल्या नियमाची आठवण कहकशांने करून दिली. ती अनावश्यक होती.) पतीचे असे जाहीर पतन पाहून पत्नीला निदान थोडे वाईट वाटेल, अशी माझी अपेक्षा. महानंदांचा चेहरा उजळला. “म्हणजे यंत्र बरोबर चाललं! टेबल हललं, यंत्रानं सांगितलं! अहो, आधी नाही का सांगायचं!” यंत्राची अब्रू राहिली. माझ्या अब्रूची चौकशी त्या गर्दीत एकानेही केली नाही.

“आसं तोंडानं कसं पटावं?” हणमंतराव म्हणाले. “दाखवा.”

खोके पलंगाखालून निघाले. यंत्र टेबलावर आले. मी, बनियन आणि टॉवेलसह, स्टिअरिंगपुढे बसलो. खिडकीच्या गजांतून सगळी गल्ली पाहत होती. मला गाडी आदळून दाखवण्यास सांगण्यात आले. लोकांची अपेक्षा आणि माझी क्षमता यांचा इतका मेळ पूर्वी कधी बसला नव्हता. अकराव्या सेकंदाला घंटा वाजली. मुलींनी शिट्ट्या मारल्या.

“पटलं?” मी उठू लागलो.

“थांबा,” महानंदा म्हणाल्या. “एवढ्यानं काही सिद्ध होत नाही. टेबल हेच, स्टिअरिंग हेच, पण न आदळणारा माणूस पाहिजे. तेव्हा घंटा वाजली नाही, तर खरं.”

मी हरकत घेतली. असा माणूस अस्तित्वात असणे शक्य नाही. माझ्यापाशी एकोणीस दिवसांची निरीक्षणे आहेत. महानंदांनी ती ऐकून घेतली नाहीत. त्या हणमंतरावांकडे वळल्या. “तुम्ही ट्रॅक्टर चालवता ना?”

हणमंतरावांनी धोतराला हात पुसले. “सर, जरा सरका.”

मी सरकलो.

“बिरेक कंचा हाय?”

मला सांगता आले नाही. एकोणीस दिवसांत त्याची गरज पडली नव्हती. नासिरभाईंनी खाली वाकून दाखवला. “ये देखो काका, पायाखाली.”

गाडी सुटली. पहिल्या वळणापाशी हणमंतराव “हां, हां, सावकास” असे तिला समजावत होते. दुसऱ्या फेरीत त्यांनी दोघांना मागे टाकले. मी कठड्याचा धोका लक्षात आणून देत होतो, तेव्हा आठही मुलींनी एकाच वेळी “शूऽऽ” केले. महानंदांचे डोळे पडद्यावर नव्हतेच. त्या सुईकडे पाहत होत्या. सुई कड्याच्या मधोमध स्तब्ध होती. तिसरी फेरी पूर्ण झाली. घंटा वाजली नाही.

“तनुजा,” हणमंतराव मान न वळवता म्हणाले, “पेटी वर ने.”

तनुजाने महानंदांच्या हातून वही ओढून घेतली आणि पेटी खालीच टाकून जिना चढली. पडद्यावर पहिल्या क्रमांकाचे नाव लिहिण्यासाठी चौकट उघडली होती. हणमंतरावांना कीबोर्डची सवय नव्हती.

“सर, तेवढं ल्ह्या की.”

त्यांचे नाव मी टाइप केले.